हातात आलेली जागा

मोरबीच्या एका टाइल्सच्या कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं पाहणाऱ्या कृपाली आघारा हिने मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा दोनदा दिली होती. पहिल्या खेपेला पंचाऐंशी पर्सेंटाइल, दुसऱ्या खेपेला ब्याण्णव. बडोद्याजवळच्या एका नव्या, फारसं नाव नसलेल्या संस्थेने तेवढ्यावर तिला जागा देऊ केली होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. नाही कळवला तर जागा जाणार, आणि नोव्हेंबरात तिसऱ्यांदा परीक्षा. आज गुरुवार होता.

कृपाली गुजराती माध्यमात शिकली, बी.कॉम. झाली आणि एकविसाव्या वर्षी नोकरीला लागली. गणितात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. इंग्रजी मात्र ती शिकली जहाज कंपन्यांच्या पत्रांवरून. ‘कंटेनर उशिरा पोचेल’ हे तिला चार तऱ्हांनी लिहिता येई. पण परीक्षेतल्या उताऱ्यात एखादा तत्त्वज्ञ बोलू लागला की घड्याळ पुढे पळे आणि ती मागे राही.

तिचे वडील परसोत्तमभाई दुसऱ्या एका कारखान्यात भट्टीवर होते. जेवताना त्यांनी निकाल देऊन टाकला.

“पहिल्या भावाला हो म्हणायचं नसतं, बेटा.”

“पप्पा, ही काय टाइल आहे?”

“सगळं टाइलच असतं. पंचाऐंशीचे ब्याण्णव झाले, पुढच्या वर्षी सत्त्याण्णव होतील. चढत्या भावात कोण विकतं?”

“आणि उतरला म्हणजे?” दक्षाभाभीने ताक वाढता वाढता विचारलं. “मग त्या कॉम्प्युटरशी घासाघीस कराल?”

सगळे हसले. मग भाभी कृपालीला म्हणाली, “बेन, बसायचं तर खुशाल बसा. टीव्ही अजून वर्षभर मुका ठेवीन. मला आता मालिकेतल्या सासूचं भांडण ओठांवरून कळतं.”

कृपालीही हसली. पण दोन वर्षं संध्याकाळचा सगळा स्वयंपाक भाभीने एकटीने ओढला होता. नवरात्रात नणंद अभ्यासाला बसली म्हणून तीही गरब्याला गेली नव्हती. घरात कोणी पुरे म्हणत नव्हतं, हेच अवघड झालं होतं. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

शुक्रवारी तिने कारखान्याचे मालक वल्लभशेठना विचारलं. चाळीस वर्षांत शेठनी भाजीवालीचाही पहिला भाव कबूल केला नव्हता. ते पुन्हा बस म्हणतील, अशी तिची खात्री होती.

“शेठ, पप्पा म्हणतात, पहिला भाव नाकारायचा.”

शेठनी हातातला गाठिया बशीत ठेवला. “परसोत्तमला भट्टी कळते, बाजार नाही. भाव चढायची वाट कोण बघतं? विकणारा. तू काय विकतेयस?”

“माझे... मार्क.”

“मार्क घेऊन कोणी काय करणार? लोणचं घालणार? अगं, तू घ्यायला निघालीस. दोन वर्षांचं शिक्षण. घेणारा आधी खोका उघडून बघतो. उघडलास?”

तिने तो उघडला नव्हता. संस्थेचा क्रमांक कितवा, एवढंच पाहिलं होतं.

दुपारी तिने अभ्यासक्रम मागवला. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. दुसऱ्या वर्षी चार महिने बंदरावर प्रत्यक्ष काम होतं. जहाजातल्या मालाच्या विम्यावर एक पूर्ण विषय होता. फुटलेल्या टाइल्सच्या भरपाईसाठी ती पाच वर्षं पत्रं लिहीत आली होती आणि निम्म्या वेळा हरली होती. का हरली, ते तिथे कोणीतरी शिकवणार होतं. तिने संस्थेत शिकणाऱ्या भुजच्या एका मुलीला फोन केला, बारीकसारीक सगळं विचारलं. फोन ठेवल्यावर तिला जाणवलं, की अकरा पानं वाचताना तिने एकदाही घड्याळ पाहिलं नव्हतं.

मग तिसरी परीक्षा कशासाठी? तिने स्वतःला सरळ विचारलं. घरच्यांनी एवढं केलं, त्याची परतफेड मोठ्या आकड्याने करायची होती. पण आकडा तर त्यांनी मागितलाच नव्हता. तिला पुढे जाता यावं, एवढ्याचसाठी ते मागे उभे होते.

शनिवारी दुपारी तिने होकार पाठवला आणि मग वडिलांना सांगितलं.

“ब्याण्णवलाच सोडलंस?”

“सोडलं नाही, पप्पा, घेतलं. दोन वर्षं दर रविवारी मोटारसायकलवर मला क्लासला राजकोटला कोणी नेलं? रात्रपाळी करून, न झोपता? हे ब्याण्णव माझ्या एकटीचे नाहीत. मला पुरेसे आहेत. खरंच पुरेसे आहेत.”

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, गरज नसताना.

“तिथे मुलींच्या वसतिगृहात वडिलांना सोडतात?”

“दारापर्यंत.”

“दारापर्यंत चालेल,” ते म्हणाले आणि गाड्यांचं वेळापत्रक कुणाकडे मिळेल, ते विचारायला बाहेर पडले.