मामांचं यंत्र आणि उंबराची जागा

माझ्या बायकोच्या मामांइतका ‘साधारण’ या शब्दाचा तिरस्कार करणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते, पण मोजणी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. पंचवटीतल्या त्यांच्या घरापासून भाजीबाजार किती लांब, असं विचारलं तर उत्तर यायचं, “चारशे बारा पावलं. माझी. तुमची थोडी जास्त होतील.” आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते हळूच माझ्या मागे आले आणि कानात म्हणाले, “जावईबापू, अंतरपाट डावीकडे दोन इंच खाली आहे.” मी काय करायचं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

१९९८ साली एके दिवशी ते तळहाताएवढा काळा डबा घेऊन आमच्याकडे आले. उपग्रहांचे संदेश पकडून आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते सांगणारं ते यंत्र होतं. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. संगणकाला जोडल्याशिवाय ते बोलत नसे, आणि नात्यात संगणक आमच्याकडेच होता. डबा गच्चीवर ठेवून वायर खिडकीतून आत घेतली, तर पडद्यावर नुसता निरर्थक चिन्हांचा कचरा उमटला. मग मामांनी दोनशे पानी वही काढली. त्यांचा नियम होता की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम लिहायचा आणि मगच पुढे जायचं. एकदा मी उत्साहात वायर आणि प्लग दोन्ही एकदम बदलले. त्यांनी मला दोन्ही पूर्ववत करायला लावलं. “आता चाललं असतं, तर कशामुळे चाललं हे कोण सांगणार होतं?” ते म्हणाले. सोळाव्या दिवशी दोष सापडला. यंत्र ज्या वेगाने आकडे पाठवत होतं, त्याच्या दुप्पट वेगाने संगणक ऐकत होता. “माणसांतही हेच होतं,” एवढंच मामा बोलले आणि त्यांनी वहीत तारीख घातली.

हा खटाटोप कशासाठी, ते मला बायकोकडून कळलं. माझ्या सासूबाई म्हणजे मामांची मोठी बहीण. पहिल्या बाळंतपणाला त्या रीतीप्रमाणे माहेरी, इगतपुरीजवळच्या खेड्यात गेल्या होत्या. मुलगा झाला आणि बारशाच्या आदल्या दिवशी गेला. त्याला शेताच्या बांधावर उंबराखाली पुरलं. बाळंतिणीला तिथे नेत नाहीत. अकरा वर्षांचे मामा मात्र वडिलांच्या मागे गेले होते. पुढे गाव धरणात जायचं ठरलं, तेव्हा नोकरीत नवे लागलेल्या मामांनी रजा काढून टेकडीवरच्या मोजणीच्या दगडापासून त्या उंबरापर्यंतचं अंतर आणि दिशा टिपून ठेवली. ती कुणाला सांगितली नाही. सासरे वारल्यानंतर एका दुपारी सासूबाई भाजी निवडताना म्हणाल्या, “मला ती जागा एकदा दाखव. पाणी असलं तरी चालेल.” तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या.

पण यंत्र एका जागी थांबायला तयार नव्हतं. त्याच्या आकड्यांप्रमाणे आमची गच्ची कधी समोरच्या पिठाच्या गिरणीवर दिसायची, कधी पलीकडच्या शाळेच्या मैदानात. फरक कधी दोनशे, कधी तीनशे फूट. मामांनी पाण्याच्या टाकीवर संशय घेतला, मग कपडे वाळत घालायच्या तारेवर, मग कावळ्यांवर. मी कुठेतरी वाचून सांगितलं की उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे आहेत आणि इतरांसाठी ते मुद्दाम चूक मिसळतात. मामांनी पेन खाली ठेवलं. “मोजणीत मुद्दाम चूक? असं कोण करील?” मी पुन्हा तो विषय काढला नाही. सासूबाई मधूनमधून विचारायच्या, “झालं का रे?” आणि ते म्हणायचे, “अक्का, अजून नाही. तीनशे फुटांत दुसऱ्याचं शेत लागतं.”

२००० च्या मे महिन्यात एका सकाळी पडद्यावरचे ठिपके एका खोलीएवढ्या जागेत गोळा झाले आणि तिथेच राहिले. मामांनी वहीत लिहिलं, ‘यंत्र बंद पडले.’ मग वायर, प्लग, वेग, सगळं क्रमाने पुन्हा तपासलं. तीन दिवस ते बरोबर चालणारं यंत्र दुरुस्त करत होते. चौथ्या दिवशी मी त्यांना वर्तमानपत्रातली बातमी दाखवली: ती मुद्दाम घातलेली चूक आता काढून टाकली होती. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला. “म्हणजे खरंच घालत होते,” ते हळूच म्हणाले. नंतर उठून बहिणीकडे गेले.

पाऊस लागण्याआधी मामा, सासूबाई आणि मी धरणावर निघालो. ऑफिसातल्या मित्राकडून मी मांडीवरचा संगणक आणला होता. टेकडीवरच्या दगडाशी यंत्र ठेवून मामांनी हिशेब केला, मग आम्ही होडीत बसलो. मध्यावर ठिपका नाहीसा झाला. बॅटरी वीस मिनिटं पुरेल, असं पडदा सांगत होता. मामांनी पहिल्यांदा वायरचं एक टोक काढून पुसलं, लावलं, थांबले; मग दुसरं. सासूबाई म्हणाल्या, “तुझं चालू दे. मी बसलेय.” दुसऱ्या टोकाला ठिपका परत आला. मामा नावाड्याला सांगत गेले, “डावीकडे. अजून. बास. अक्का, इथे.”

सासूबाईंनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

“खोल किती?”

“छत्तीस फूट.”

“मग गार असेल,” त्या म्हणाल्या.

वारा होता. होडी सरकत होती आणि पडद्यावर ठिपका त्या जागेपासून वीस फूट, चाळीस फूट लांब चालला होता. मला दिसत होतं, मामांना दिसत होतं. नावाडी हलकेच म्हणाला, “सायेब, लय सरकली होडी. माघारी घेऊ का?”

सासूबाईंचा हात अजून पाण्यात होता. त्यांचे डोळे मिटलेले होते.

“नको,” मामा म्हणाले, “इथेच आहे.” त्यांनी संगणकाचा पडदा मिटला, आणि आम्ही तसेच बराच वेळ वाहत राहिलो.