बँडवाल्यांचे अरविंदराव

श्री. अरविंदराव खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट बडोद्याच्या गोरव्यातल्या एका कारखान्याच्या माळ्यावर झाली. आमचा कॉलेजातला बँड होता, मी की-बोर्ड वाजवत असे. आपले गाणे रेकॉर्ड करून जगासमोर ठेवायचे, अशा तयारीने आम्ही कारेलीबागेतून स्कूटरवर वाद्ये लादून तिथे गेलो होतो. अरविंदरावांनी माइकला हात लावला नाही. "आधी नुसतं वाजवा," म्हणाले. आम्ही वाजवले. त्यांनी गिटारचा आवाज कमी करायला सांगितला, मग ड्रमवाल्याला हलक्या हाताने वाजवायला लावले, आणि आमचा गायक मेहुल माइकशिवाय ऐकू येईपर्यंत हे चालू ठेवले. मेहुल इतके महिने नेमके काय गात होता, ते आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. दोन ओळी तर इतक्या वाईट होत्या की आम्ही तिथेच बसून बदलल्या.

ही त्यांची पद्धत आजही मोडलेली नाही. एकमेकांना ऐकू आल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही. कितीही घाईचा बँड असो, घड्याळाकडे बघून कितीही सुस्कारे टाको, आम्हा सगळ्यांचे हे काका ढिम्म.

अरविंदरावांनी उमेदीची वर्षे एका विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात काढली. संध्याकाळी ते भजनी मंडळे, गरब्याची पथके, कॉलेजची मुले, जो येईल त्याचे ध्वनिमुद्रण करीत. निवृत्तीनंतर त्यांनी हा माळा घेतला. खाली रमेशभाईंचे प्रेस मशीन. ते चालू असले की माळ्यावरच्या कपबशासुद्धा ठेका धरतात. म्हणून आमची रेकॉर्डिंगे औद्योगिक वसाहतीच्या साप्ताहिक सुट्टीला. बाकीच्या दिवशी मिक्सिंग, म्हणजे मुद्रित झालेला प्रत्येक आवाज कमीजास्त करून गाणे जुळवणे, आणि तेही मशीन थांबलेले असताना. रमेशभाई मशीन सुरू करण्याआधी खालून हाक मारतात, "काका, चालू करूं?" आणि काकांनी "दस मिनिट" म्हटले की बिचारे पाऊण तास थांबतात. असे शेजारी मिळायला स्वभाव लागतो.

बडोद्यातल्या मुलांनी बडोद्यासारखेच गावे, हा त्यांचा आग्रह. एका मराठी गाण्यात गायिकेने सवयीने खिडकीला 'बारी' म्हटले. आपल्याकडे घरोघरी तेच म्हणतात. पुण्याच्या कुणा मित्राने नाक मुरडल्यावर ती बिचारी पुन्हा गायला आली. "तुझ्या घरी काय म्हणतात?" काकांनी विचारले. "बारीच." "मग राहू दे. पुण्याला खिडक्या पुष्कळ आहेत."

मी त्यांच्याकडे काम शिकायला जायचे ठरवले तेव्हा आमच्या घरी रणकंदन झाले. बाबा रेल्वेत. "बँडवाल्यांकडे नोकरी?" एवढे एकच वाक्य ते आठवडाभर निरनिराळ्या सुरांत म्हणत होते. एका रविवारी अरविंदराव आणि नलिनीकाकू आपण होऊन आमच्याकडे आले. रेल्वेच्या बदल्या, काकूंचे गुडघे, लिंबाचे लोणचे, सगळे बोलून झाले. उठताना काका म्हणाले, "हिचा कान चांगला आहे. वाया गेला तर मला वाईट वाटेल." बस, एवढेच. बाबांनी त्यानंतर बँडवाल्यांचे नाव काढले नाही.

आता गेल्या वर्षीची हकिगत. ती लिहू की नको, असे मी काकांना विचारले. "लिहायचीच असेल तर तीच लिही, बाकी सगळी आरती आहे," असे उत्तर मिळाले.

निजामपुऱ्यातल्या तीन मित्रांच्या बँडची गाणी काकांनी मिक्स करून पूर्ण केली होती. गाणी प्रसिद्ध करण्याचा कार्यक्रमही जाहीर झाला होता. शेवटचे ऐकताना त्यांचा ड्रमर कौशल चाचरत म्हणाला, "अंकल, आ सिम्बल कानमां बहु वागे छे." सिम्बल म्हणजे ड्रमच्या पितळी चकत्या, आणि त्यांचा आवाज खरेच कानात टोचत होता. काकांनी पुन्हा ऐकले. त्यांना तो योग्य वाटत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "काका, टोचतोय."

दुसऱ्या दिवशी काका कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. वरच्या पट्टीतले बारीक आवाज दोन्ही कानांना नीटसे येत नव्हते. वयाने येते ते आले होते, गेलेले ऐकणे परत येणारे नव्हते. आपल्याला कमी ऐकू येते म्हणून काका ते आवाज हाताने वाढवत गेले होते.

कौशल म्हणाला, "चालशे, अंकल." पाच दशकांच्या कामाची अब्रू झाकायला तो एक 'चालेल' पुरेसा होता. काका म्हणाले, "तने चालशे, मने नहीं चाले." त्यांनी स्वतः बसून वर्षभरात ज्यांची गाणी मिक्स केली होती त्या प्रत्येक बँडला फोन केला, कारण सांगितले, आणि गाणी पुन्हा करून द्यायची तयारी दाखवली. निजामपुऱ्याच्या मुलांनी ठरल्या दिवशी कार्यक्रम केला आणि गाणी मागाहून प्रसिद्ध केली.

मिक्सिंग मी करायचे ठरले. काका आपल्या खुर्चीवरून उठले, तिची उंची माझ्यासाठी कमी केली आणि बाजूच्या स्टुलावर जाऊन बसले. मला रडू फुटले. काका म्हणाले, "आधी रडून घे. नाक चोंदलं की कान बंद होतात. मग दोघंही बहिरे." मी नाक शिंकरून कामाला लागले. ते मधूनमधून विचारीत, "वरचं कसं आहे?" मी सांगे. माझ्या शब्दावर ते मान हलवीत, आणि पुन्हा ऐकायचा हट्ट एकदाही धरीत नसत. त्यांच्या इतक्या वर्षांच्या शिकवणुकीत मला सर्वांत कठीण वाटलेला धडा तो.

गायकाचा श्वास कुठे अपुरा पडला, ड्रमवाला लयीत कुठे पळाला, हे मात्र अजून त्यांनाच आधी कळते. म्हणून ध्वनिमुद्रणाला प्रत्येक बँड काका हवेतच म्हणतो.

अमृतमहोत्सवानिमित्त तुमच्यासाठी देवाकडे काय मागू, असे मी परवा विचारले. म्हणाले, "कानांचं मागू नकोस, गेलं ते गेलं. आणि शंभर वर्षं वगैरे लिहू नकोस, लोक हसतील. माळ्याचा जिना चढता यावा, एवढं बास." काका, जिना मी मागितलाच आहे. पण शंभर वर्षेही मागते. मला अजून टोचतेय की नाही, हे विचारणारे कुणीतरी शेजारच्या स्टुलावर हवे आहे.