मेलेल्या पायाची परीक्षा

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचा घोट गिळून घ्या. ठसका लागला तर मला बोल लावाल. मी एका गुणी पोरीला नापास केलंय! मी मास्तर नाय की साहेब नाय. चार यत्ता शिकलेला द्राक्षवाला. आणि नापास केली ती कशानं? माझ्या डाव्या पायानं!

सगळं सांगतो. फक्त मधे तोंड घालू नका, माझं डोकं फिरतं.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. पिंपळगावला द्राक्षाचे क्रेट लावताना टेम्पोवरून पडलो, तो थेट पाठीवर. मणक्यातली शीर दबली आणि डावा पाय गुडघ्यापासून खाली मेला. म्हणजे होता जागेवरच, पण मुंगी चावो का विंचू, त्याला पत्ता नाय. नाशकात दवाखान्यात नेऊन खाटेवर टाकला मला.

तिथं नर्सिंगच्या पोरी शिकायला यायच्या. मेंदू, मणका, शिरा, सगळं त्या आमच्यावरच शिकणार. उठलं की कोणीतरी रबरी हातोडी घेऊन उशाशी उभी! मी खेकसायचो, "अगं, मी माणूस हाय, खिळा नाय!"

त्यातली एक सुनंदा तेवढी मला चालायची. येवल्याची. बाप पैठणी विणणारा, विणून विणून डोळे अधू झालेला. पोरीला नोकरी लागली की त्याला मागावरून उठवायचं, एवढंच तिच्या डोक्यात. त्यासाठी पास होणं आलं.

ती डोळे मिटायला लावायची आणि तळपायाला कापूस फिरवायची.

"आजोबा, कळलं?"

"तू लावलास का कापूस?"

"लावला की."

"मग नाय कळलं."

"शाब्बास!"

"नाय कळलं त्यात शाब्बास कसली गं?"

"खरं सांगितलंत ना, म्हणून!"

मग माझा पाय हातात घेऊन उलटासुलटा बघायची. कुठं खरचटलंय का, फोड आलाय का. म्हणायची, "आजोबा, ह्या पायात काच घुसली तरी तुम्हाला कळणार नाही. चप्पल घातल्याशिवाय उतरायचं नाही." सख्ख्या लेकानं माझा पाय कधी हातात घेतला नव्हता. असो.

परीक्षेचा दिवस आला. शेजारच्या खाटेवर लासलगावचा एक हमाल होता, काशिनाथ. तो म्हणाला, "म्हातारबा, आज पोरीची केस तू. जरा नीट दिस!"

झालं! माझ्या डोक्यात बैलबाजार उभा राहिला. तरुणपणी मी बैलांची दलाली केलेली. गिऱ्हाईक आलं की लंगडा पाय पुढं करतं का कोणी? शिंगं रंगवायची, शेपटी पिरगाळायची, बैल कसा हरणासारखा दिसला पाहिजे! ह्या पोरीनं माझी एवढी सेवा केली, आणि परीक्षेच्या बाईंना दाखवायचं काय, तर मेलेला पाय? कोण मार्क देईल तिला? तुम्हीच सांगा!

मी दाढी केली. मिशीला तेल लावलं. आणि ठरवलं, आज हा पाय जिवंत करायचा.

परीक्षेच्या बाई आल्या. चष्मा, कडक इस्त्री, कपाळाला आठी. सुनंदानं घडाघडा सांगितलं, "मॅडम, मणक्याला मार लागलाय. डावा पाय गुडघ्याखाली बधिर आहे. गरम पाण्याची पिशवी द्यायची नाही, पाय रोज तपासायचा."

"बरं. आजोबा, डोळे मिटा."

मिटले. म्हणजे मिटल्यासारखे केले! पापणीच्या फटीतून सगळं दिसत होतं. बाईंनी अंगठ्याला कापूस लावला.

"कळलं?"

"कळलं की! अंगठ्याला."

टाचेला टाचणी टोचली.

"आई गं! लय टोचलं, बाई!"

सुनंदाचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, पोरगी आनंदानं गांगरली. मी आणखी चेकाळलो. बाईंनी गुडघ्याखाली हातोडी मारली. तिथं एरवी ढिम्म हलायचं नाय. मांडीतून असा जोर लावला की पाय उडाला आणि बाईंचा चष्मा जाता जाता वाचला!

"मॅडम, सकाळी असं नव्हतं," सुनंदा कसंबसं बोलली.

"सिस्टर, तुम्ही पेशंट तपासलात की पुस्तकातलं पाठ करून आलात?"

मी मिशीतल्या मिशीत हसत होतो. गाढव! दुसरं काय म्हणणार?

बाई पुढं गेल्या. सुनंदा खाटेशी आली. डोळे भरलेले.

"काय गं, किती मार्क?"

"नापास केलं, आजोबा."

"अगं, पण पाय तर चांगला दाखवला ना मी!"

"पाय चांगला नाहीये, हे ओळखलं होतं मी. तेच तर मला दाखवायचं होतं. का केलंत असं?"

काशिनाथनं तोंडावर पांघरूण ओढलं. माझ्या डोक्यात उजेड पडला तो तेव्हा. मी तसाच उठलो. भिंत धरत, पाय ओढत, व्हरांड्यात बाईंच्या मागं. "ओ बाई, थांबा! पाय मेलेला हाय! खोटं बोललो मी! पुन्हा टोचा!"

बाई वळल्या. "आजोबा, मघाशी तर लाथ मारत होतात."

"ते आपलं... पोरीसाठी!"

त्यांनी खाली पाहिलं आणि ओरडल्या. मी वळून बघतो तर काय, खाटेपासून तिथवर लाल पट्टा उमटलेला. चप्पल घालायची राहिली होती. कोणाचा तरी चहाचा ग्लास फुटलेला, त्याची काच तळपायात. मला कशाचा पत्ता!

सुनंदा धावत आली. मांडी घालून बसली, पाय मांडीवर घेतला, काच काढली. रडत होती आणि पट्टी बांधत होती. बाई बघत राहिल्या. पण म्हणाल्या, "निकाल देऊन झालाय. आता सहा महिन्यांनी."

सहा महिने! म्हणजे तिचा बाप आणखी सहा महिने मागावर, ते अधू डोळे घेऊन. मला रात्री घास गोड लागेना.

पुढची परीक्षा आली तेव्हा मी घरी होतो, काठीवर चालत होतो. तरी एसटीनं नाशिक गाठलं. हातात द्राक्षाची पेटी, पायात दोन्ही चपला. सुनंदा वॉर्डाच्या दारातच भेटली.

"पोरी, मी आलोय. आज मला घे केस म्हणून. एक शब्द खोटा बोलणार नाय. आईची शप्पथ!"

तिनं वाकून नमस्कार केला. आधी पायातल्या चपला बघितल्या, मग हळूच म्हणाली, "आजोबा, मला केस मिळालीय. तो कोपऱ्यातला. डोक्याला मार लागलाय, बेशुद्ध आहे."

"अगं, बेशुद्ध माणूस तुला काय सांगणार?"

"काहीच नाही, आजोबा," ती म्हणाली. "म्हणून तर देवाचे आभार मानतेय."