पडद्यामागचं पाणी

आम्ही मेंढपाळ. मुळशीच्या डोंगरउतारावर पत्र्याच्या दोन खोल्या आणि लागून मेंढरांचा वाडा. चराईच्या रानांना एकेक करून तारेची कुंपणं पडली, तसे आबा मेंढरं घेऊन दरवर्षी अजून लांब जाऊ लागले. आई घोटावड्यात मजुरीला. ओल्या लाकडांनी चूल पेटायची नाही, तेव्हा कोरडी भाकरी पाण्याबरोबर खाल्ली आहे. दया यावी म्हणून हे सांगत नाही. अशा घरातून मी बी.कॉम. झालो, वस्तीतला पहिला. त्याचा मला गर्व आहे.

पण शिकलो म्हणजे वस्तीची सगळी कागदं माझ्याकडे आली. रेशनकार्ड, जातीचा दाखला, जमिनीच्या मोजणीची नोटीस. पिरंगुटच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून घरी यावं, तर दारात कुणीतरी बसलेलंच. सहा वर्षं चार तासांच्या वर झोप नाही. छातीत धडधडायचं, दात आवळून दाढा दुखायच्या. मला वाटायचं, कर्त्या माणसाचं असंच असतं.

माझं काम तयार शाफ्ट, म्हणजे यंत्रातले लोखंडी दांडे, तपासायचं. एका पाळीत मी जवळजवळ अख्खा ट्रे वाकडा म्हणून बाद केला. सुपरवायझरनं गेज लावून पाहिलं. "सगळे सरळ आहेत. तुला झालंय काय?"

उजवा डोळा झाकला, तर समोरची ट्यूबलाइट मधोमध वाकलेली. तिथंच एक करडा डाग.

पुण्यातल्या दवाखान्यात बाहुली मोठी करायचं औषध घालून बाकावर बसवलं. मग ओसीटी केलं, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारा फोटो. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, सेंट्रल सीरस. पडद्यामागे पाणी साचतं आणि पडदा फुगतो, म्हणून सरळ ते वाकडं दिसतं.

त्यांनी आधी विचारलं, स्टेरॉइडची गोळी, इंजेक्शन, मलम काही घेता का? नाही म्हणालो. मग झोपेचं विचारलं. मी खरं ते सांगितलं.

"ताण नुसता डोक्यात राहत नाही," त्या म्हणाल्या. "कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात वाढतं, बीपी वाढतं. तुमचंही वाढलंय. हे पाणी बऱ्याचदा आपोआप आटतं. पण तुम्ही असेच राबत राहिलात आणि ते टिकून राहिलं, तर पेशी मरतील. मेलेल्या पेशी मला परत आणता येत नाहीत."

मी बीपीची गोळी तेवढी चालू केली. रात्रपाळी सोडली नाही. झोप मागणं मला लाजिरवाणं वाटलं. तीन महिन्यांनी फोटो काढला, तर पाणी वाढलेलं. काही पेशी गेल्या होत्या.

घरी आलो तेव्हा आबा मेंढीचा खूर साफ करत होते. सगळं सांगितलं. मान वर न करता म्हणाले, "बिबट्या वाड्यापाशी आलता तवा त्याला एक मेंढरू गावलं न्हाई. कुत्री भुकली, गेला. तरी आठ दिसांत तीन मेंढ्यांनी गाभ टाकला. अंगाला नख लागलं न्हवतं. तुला शिकून एवढं कळंना व्हय?"

"मेंढरं शिकल्याली न्हाईत, म्हणून त्यांना कळतंय," माझी बायको रेखा म्हणाली. "उद्यापासनं कागदं मी बघते."

"तू दहावी."

"मग? फारम मराठीतच असतोय की."

डॉक्टरांचं जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या तीन मेंढ्यांनी शिरवलं. मी दिवसपाळी मागितली. तपासणीचं टेबल गेलं, स्टोअरमध्ये टाकलं. ते फार लागलं. झोपही लगेच आली नाही. ठरल्या वेळी मोबाइल लांब ठेवून पडायचो, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे श्वास सावकाश सोडायचो, आणि दात आवळलेलेच असायचे. पाचेक आठवडे असे गेले, मग हळूहळू झोप लागू लागली. तुमचंही असं झालं तर सोडून देऊ नका.

अजून एक सांगतो. अधूनमधून एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघा. रेघ वाकडी दिसली, तर मेडिकलमधून थेंब आणून घालत बसू नका. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि दोन घास कमावता म्हणून आपलं अंग लोखंडाचं आहे, असं समजू नका.

पुढच्या तीन महिन्यांत पाणी आटलं. डाव्या डोळ्यात मधोमध फिकट डाग राहिलाय, तो जन्माचा. त्या डोळ्यानं बारीक अक्षर वाचता येत नाही. तपासणीची जागा परत मिळाली नाही. बीपी आटोक्यात आहे, उजवा डोळा शाबूत आहे, आणि मी रोज सात तास झोपतो.