सवतीच्या सोप्या वाटा

डोळा लागायच्या बेतात असतो ना, तेव्हा माणसाची फार पंचाईत होते. उठून भांडावं तर अंगात त्राण नसतं, आणि झोपून विसरावं तर झोप पुरती आलेली नसते. हेमलता सबनीस जांभळीखाली सतरंजीवर अशीच पडली आहे. दुपारचे अडीच वाजलेत. आजूबाजूला ज्येष्ठ नागरिक संघाची चौदा माणसं जेवून आडवी झालीत, दोघं-तिघं घोरतायत. दहा पावलांवर तलावाचं पाणी काठाला हळूहळू लागतंय. पाण्याशी एका सपाट दगडावर तिचे यजमान, दिगंबरराव, पाठमोरे बसलेत. एकटे. मांडीवर वही.

वही उज्ज्वलाची. म्हणजे दिगंबररावांच्या पहिल्या बायकोची, अकरा वर्षांपूर्वी गेलेली. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून पाटणच्या बाजूच्या डोंगरांत तिनं सोप्या वाटा हुडकल्या आणि लिहून ठेवल्या. सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावरून सपाट चालायचं, निनाईदेवीच्या राईतून सावलीसावलीनं उतरायचं, तलावाशी थांबायचं. कुठं बसायला दगड आहे, कुठला चढ टाळता येतो, सगळं बारीक अक्षरात. दर रविवारी दिगंबरराव मंडळींना त्या वाटांनी आणतात आणि वही मोठ्यानं वाचतात. लोक गहिवरतात. काय जोडी होती, म्हणतात. आताची बायको पाण्याच्या बाटल्या घेऊन मागून येत असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

हेमलताला मत्सर वाटतो. सरळच सांगायचं तर जिवाचा तिळपापड होतो. लग्नाला नऊ वर्षं झाली. जिवंत सवत परवडली, तिच्या झिंज्या तरी धरता येतात. बिजवराला दिलेल्या बाईनं गळ्यात पहिलीचा टाक घालायचा, तो सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बांधला. चांदीचा, नखाएवढा, वर बाईची आकृती. कुंकू आधी टाकाला, मग स्वतःला. नवी साडी आधी टाकाला दाखवायची, मग नेसायची. तिनं सगळं केलं, दातओठ खाऊन केलं. पण आज चार वाजता इथं 'उज्ज्वला वाट' अशी पाटी लागणार आहे आणि नारळ हेमलतानं फोडायचा आहे. कल्पना दिगंबररावांचीच. तिनं मनाशी पक्कं केलंय. फोडायचा नाही. सगळ्यांसमोर नाही म्हणायचं आणि उद्याच्या गाडीनं सांगलीला, बहिणीकडे, कायमचं.

"ऊठ. झोपायला आलीस का चालायला?"

समोर कॅनव्हासचे बूट. गुडघ्याला पट्टा. वर खोचलेली सुती साडी. चेहरा बघायचीही गरज नाही, घरातल्या फोटोत नऊ वर्षं रोज सकाळी फडक्यानं पुसलेला आहे.

"उज्ज्वलाताई?"

"ताई कसली! मी शेहेचाळिसाची, तू बावन्नची. आता थोरली तूच. चल."

सडा. नोव्हेंबरचं पिवळं गवत, आणि वारा असा की पदर हातात राहत नाही. हेमलता चालते आणि दम लागत नाही. सड्याच्या मधोमध त्यांच्या घरातला ओटा आहे, गॅस आहे, कुकर लावलेला आहे. त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. उज्ज्वला ओट्याला टेकून उभी राहते.

"शिट्ट्या किती करतेस?"

"चार."

"मी सहा करायची. त्यांना मऊ भात लागतो."

"आता मोकळा आवडतो," हेमलता खोटंच ठोकून देते.

उज्ज्वला तोंड फिरवते. बरोब्बर लागलं, हेमलताला कळतं, आणि बरं वाटतं.

"ती मोरपिशी साडी," उज्ज्वला म्हणते. "दिवाळीची. मला दाखवलीस, मी नको म्हटलं, तरी नेसलीसच."

"तुम्ही बोललात कधी?"

"बोलले? ओरडले! चांदीच्या तोंडातून आवाज येऊन येऊन किती येणार?"

हेमलताला हसू येतं आणि हसू आल्याचा राग येतो. पायाखाली आता पाचोळा आहे. राईत गारवा आहे, झाडं इतकी दाट की ऊन खाली पोचत नाही. निनाईच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, म्हणून ती पदर आवरून चालते, उगाच काही अडकून यायला नको. दोन झाडांमध्ये लाकडी बाक लागतं. मग आणखी एक. फांद्यांना पंखे लटकतायत, मंद फिरतायत, बुंध्यांशी फायलींचे गठ्ठे रचलेत. हे भूमापन कार्यालय. दिगंबररावांनी तीस वर्षं इथं नोकरी केली. उज्ज्वला बाकावर बसली आहे, मांडीवर डबा, जणू सकाळपासून तिथंच आहे.

"काय करताय इथं?"

"ते यायची वाट बघतेय. शनिवारी दुपारी सुटले की चालायला जायचं ठरलंय."

"मग?"

"मग काय! कुणाच्या ना कुणाच्या बांधाची मोजणी निघते. अख्खा तालुका पायाखाली घातला या माणसानं. माझ्याबरोबर एक शेत चालला नाही."

"खोटं." हेमलताचा आवाज चढतो. "दर रविवारी वाचतात ते तुमची वही. तुमच्या दगडावर जाऊन बसतात, डोळे पुसतात. मी बघते ना!"

"दुरून डोंगर साजरे, बाई. मी एसटीनं यायची. एकटी. आणि घरी जाऊन वही टेबलावर ठेवायची, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी, उघडतील म्हणून." ती डब्याचं झाकण लावते, काढते, परत लावते. "उघडली. माझ्या तेराव्यानंतर."

हेमलताला आधी आनंद होतो, लाज वाटावी इतका. नऊ वर्षं ज्या जोडीवर जळत होती ती जोडी या वाटांवर कधी चाललीच नाही! सड्यावर हातात हात नव्हता, राईत कुजबुज नव्हती, काही काही नव्हतं. एक लंगडणारी बाई होती आणि तिची वही होती. मग तो आनंद ओसरतो आणि ती उज्ज्वलाशेजारी बाकावर टेकते.

बाकाच्या पायांना पाणी लागलंय. तलाव राईत आलाय, फायली तरंगतायत. दोघी पाण्यात पाय सोडून बसल्यात.

"मी आज नारळ फोडणार नाही," हेमलता म्हणते. "उद्या सांगलीला जाते."

"जा की. म्हणजे मग तो पुन्हा वहीबरोबर चालेल. त्याला ते छान जमतं." उज्ज्वला पाण्याकडे बघते. "तुझ्या पोटात दुखतं ना माझ्यावरून? माझं ऐक आता. दर रविवारी मी तुझ्या गळ्यात लटकून येते, माझ्याच वाटेनं, आणि तो पुढून मागं वळून विचारतो, 'हेमा, चढ झेपतोय ना?' दर रविवारी! एकेका चढाला! माझे गुडघे सुजून भोपळ्याएवढे व्हायचे, मला नाही कधी कुणी विचारलं. वाटतं, तुला सड्याच्या कड्यावरून ढकलून द्यावं."

"मग द्यायचं होतंत."

"गळ्यात मीच ना? मीपण गेले असते."

आता दोघींना हसू आवरत नाही. बाक हलतं. हसता हसता उज्ज्वला हेमलताचा दंड धरते, जवळ ओढते आणि करकचून चिमटा काढते, दोन नखांनी, जीव खाऊन.

"आई गं!"

"एवढा मात्र माझा," ती म्हणते. "बाकी सगळं तुझं."

"हेमा. हेमा, काय झालं? ओरडलीस का?"

जांभळीची सावली सरकली आहे. दिगंबरराव वाकून उभे आहेत, हातात नारळ. "चार वाजत आले. मंडळी थांबलीत."

हेमलता उठून बसते. नारळाकडे बघत नाही.

"उज्ज्वलाताईंबरोबर तुम्ही या वाटांनी कितीदा चाललात?"

ते नारळ खाली ठेवतात. मग सतरंजीच्या कडेला बसतात.

"एकदाही नाही."

"आणि लोक जोडी जोडी म्हणतात तेव्हा गप्प बसता."

"लाज वाटते गं. आधी लाजेनं बोललो नाही, मग बोलायची सोयच उरली नाही." ते समोरच्या नारळाची शेंडी उगाच सरळ करतात. "तुला कुणी सांगितलं? हे कुणालाच ठाऊक नाही."

"त्यांनीच. आत्ता. बाकावर बसलो होतो दोघी."

ते हसतील असं तिला वाटतं. ते हसत नाहीत. मान वर करून तिच्याकडे बघत राहतात, आणि त्या नजरेला हेमलता चांगली ओळखते. नऊ वर्षं आरशात तीच बघत आली आहे.

"माझ्या स्वप्नात ती एकदाही आली नाही," ते म्हणतात. "अकरा वर्षांत एकदाही. तुझ्याकडे बरी आली!"

पलीकडे कुणीतरी हाका मारतंय, सबनीस, उरका, ऊन उतरायला लागलं. हेमलता नारळ आपल्या हातात घेते.

"आधी सगळ्यांना खरं सांगायचं. जसं मला सांगितलंत तसं. ती एकटी चालली म्हणून. मग मी फोडते."

ते होकाराची मान हलवतात. तिला उठवायला म्हणून दंडाला हात घालतात आणि थबकतात. पोलक्याच्या बाहीखाली दोन नखांच्या लालभडक चंद्रकोरी उमटल्यात, मधलं मांस निळं पडत चाललंय.

"हे कशानं?"

 त्यांचं त्यांनाच कळतं. ते एक बोट पुढं करतात, मागं घेतात, तिच्या तोंडाकडे बघतात. तिला पदर ओढून घेता येईल. आत्ता या घडीला जगात ती एकटीच या गोष्टीची मालकीण आहे, आणि हा माणूस दारात उभा आहे.

ती दंड पुढं करते. ते अगदी हलकं बोट टेकवतात, आधी एका चंद्रकोरीवर, मग दुसऱ्या.

"दुखतंय?"

"मग! दुखणार नाही?" हेमलता म्हणते, आणि त्यांचं पुरतं होईपर्यंत हात हलवत नाही.