पानावरचं बोट

बारामतीच्या दवाखान्यात सासूबाईंच्या शेजारच्या खाटेवर एक आजारी मुलगी होती. तिची आई अंथुर्णे गावची, ख्रिस्ती. तिला कमी दिसायचं, म्हणून बायबलातल्या जुन्या संदेष्ट्यांची वचनं ती रोज माझ्याकडून वाचून घ्यायची. मी चौथी शिकलेली. अडखळले की पुढचा शब्द तीच सांगायची.

वॉर्डातल्या बाया म्हणायच्या, "मावशी, कुठलंबी पान उघडा, बोट ठेवा, आमच्या माणसाचा कौल सांगा की."

"हे कौलाचं पुस्तक न्हाय गं," ती हसायची. "संदेष्टे चुकलेल्यांना रागं भरत्यात. गोडगोड सांगतो तो खोटा समजायचा."

एका सकाळी डॉक्टरांनी मुलीची आशा सोडायला सांगितलं. ते गेल्यावर तिच्या आईनं डोळे मिटून पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "वाच."

त्या ओळीत लेकरं गेलेल्या आयांचा आकांत होता. मी मनचंच रचून वाचलं, "उजाड रानाला पाणी येईल, घराघरात दिवा लागेल."

तिनं बोट उचललं नाही.

"आज अडखळली न्हाईस तू," ती म्हणाली. मग पुस्तक मिटून मुलीचे पाय चेपत बसली.