साडेचार तासांवरची आई

सिडनी ते डार्विन विमानाने साडेचार तास. अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एसटीने पुण्याहून नाशिक. मग काय घाई आहे?"

घाई मला होती. मी डार्विनच्या हॉस्पिटलात डॉक्टर, पण स्वतः पहिलटकरीण, आणि दिवस भरत आले होते. आई पुण्याहून आधी सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलला माझ्या भावाकडे आली होती, तिथून माझ्या बाळंतपणाला यायची होती. तेवढ्यात कोरोना आला, राज्याराज्यांच्या हद्दी बंद झाल्या आणि ती चार महिने भावाकडेच अडकली. जुलैत आमच्याकडची हद्द उघडली तसं भावाने लगेच सोमवारचं तिकीट काढलं. आईने पंचांग उघडलं. सोमवारी अमावस्या.

"अवसेला कोणी लेकीच्या बाळंतपणाला जातं का? बुधवारचं कर."

भावाने तिकीट बदललं. आईपुढे नाही म्हणणं त्याला अजून जमलेलं नाही. मंगळवारी सिडनीत रुग्ण वाढले आणि आमच्याकडे नियम आला: तिथून येणाऱ्याने चौदा दिवस क्वारंटाइन कॅम्पमध्ये राहायचं. मी फोनवर आईला नको नको ते बोलले. सत्तरीला टेकलेली बाई, इंग्रजी जेमतेम, एका खोलीत एकटी. आणि माझी तारीख सोळा दिवसांवर. "आता येऊच नकोस," म्हणाले. खरं तर ती आली नाही तर माझं काय होईल, याचीच मला भीती होती.

ती बुधवारी आली. कॅम्प आमच्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटांवर, पण भेटायची सोय नाही. फोन केला की म्हणायची, "माझं उत्तम चाललंय. आयतं जेवतेय. तू पाय वर करून बस."

अकराव्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या आणि दुपारी मुलगी झाली. नवरा शेजारी होता, मिडवाइफ हात धरून होती, तरी मी आईच्याच नावाने ओरडत होते. डॉक्टरकी तिथे काडीच्या कामाची नव्हती.

इकडे हे चाललेलं असताना आई कॅम्पच्या व्हरांड्यात बसून होती. ताप तपासायला आलेल्या नर्सला तिने एवढंच सांगितलं, "माय डॉटर. बेबी. टुडे." नर्स म्हणाली, "नो वरीज, नॅना," (नॅना म्हणजे आजी) आणि शिफ्ट संपल्यावर घरी न जाता परत आली. दीड मीटरवर खुर्ची टाकून आमचा फोन येईपर्यंत आईपाशी बसून राहिली. दोघींना एकमेकींचं बोलणं फारसं कळत नव्हतं. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

चौदा दिवस पुरे करून आई घरी आली. कोपरापर्यंत हात धुतले आणि तडक माझ्या खोलीत शिरली. बाळ खिडकीपाशी झोपलं होतं. तिकडे न वळता ती माझ्या पलंगावर बसली आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरून बघत राहिली.

"अगं, नात तिकडे आहे," मी म्हणाले.

"तिला बघायला तू आहेस. मी तुला बघायला आलेय."